चौकातला चोथा

१

कुओ थिएन-फू म्हातारा पहाटे संडासाच्या दारात पालथा पडलेला सापडला, आणि नऊ वाजायच्या आत गावानं ठरवूनही टाकलं की त्याला शंभर खणांच्या दुकानवालीनं मारला. म्हातारा मेला नव्हता बरं का! त्याला चांगह्वाच्या इस्पितळात नेलं होतं, सलाईन लावलं होतं, आणि त्याचं काळीज दोन ठोके देऊन तिसरा विसरत होतं. पण तैवानच्या त्या समुद्रकाठच्या गावात नगरदेवाची मिरवणूक दोन दिवसांवर आलेली, आणि मिरवणुकीत पुढे धूपपात्र उचलणारा मानकरीच हगवणीनं आडवा झालेला. मग तो मेला काय नि जगला काय, लोकांना बोलायला विषय मिळाला.

शंभर खणांची दुकानवाली म्हणजे शी युए-श्या. अठ्ठावन्न वर्षांची विधवा, गावाची युए काकू. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि एकेका खणात कुठली मुळी, कुठली साल, कुठलं बी. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसानं कसली औषधं द्यायची, विकून टाक. तिनं विकलं नाही. नवऱ्याची अडकित्त्यासारखी मोठी सुरी पुढ्यात ओढली आणि बसली मुळ्या कापत. सुरीच्या पात्याला राईएवढी खाच होती. नवऱ्यानं एकदा मुळीत अडकलेला खडा कापला होता, त्याची. त्या खाचेमुळे कापलेल्या प्रत्येक चकतीवर केसाएवढी उंच रेघ राहायची. लोहार म्हणाला, घासून देतो. ती म्हणाली, हात लावू नकोस.

त्या सकाळीही ती कापतच होती. एवढ्यात म्हाताऱ्याचा धाकटा मुलगा वेन-शोंग आला. इस्त्रीचा शर्ट, पंचायतीचा सभासद असल्याचा बिल्ला, आणि मागे वीस-पंचवीस बघे. त्यानं प्लास्टिकची एक पिशवी फळीवर उपडी केली. ओला, काळपट चोथा पसरला.

"हे काय आहे काकू?"

"तू आणलंस, तूच सांग."

"बाबांच्या औषधाचा चोथा आहे. सकाळी भांड्यातून काढला. आणि ह्या पिवळ्या चकत्या बघा लोकहो! कच्ची रेवंदचिनी! दारूत वाफवलेली सौम्य द्यायची, ती हिनं कच्ची दिली. म्हशीचा कोठा साफ होईल एवढी!"

बघ्यांमधून हुंकार उठला. युए काकूनं एक चकती उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"ही मी दिलेली नाही."

"मग काय आकाशातून पडली? ऐका. परवा बाराला, मिरवणूक निघायच्या आधी, नगरदेवाच्या पटांगणात गुडघे टेकायचे, चूक कबूल करायची आणि दुकानाची पाटी उतरवायची. नाहीतर परवाना रद्द करून आणतो. तोही मेलेल्या नवऱ्याच्याच नावावर आहे ना?"

आता दुसरी कुणी असती तर रडली असती. युए काकूचे कान लाल झाले.

"गुडघे मी देवापुढे टेकते, तुझ्यापुढे नाही. परवा बाराला मी येते पटांगणात. पांढरा कोंबडाही माझाच आणते. तू शपथ घे की हा चोथा खरा, मी शपथ घेते की खोटा. आणि मग काप कोंबड्याचं मुंडकं. खोटं बोलणाऱ्याची तीच गत होवो!"

बघे पाऊलभर मागे सरले. कोंबडा कापून घेतलेली शपथ ही त्या गावात थट्टेची गोष्ट नव्हती. पन्नास वर्षांत दोनदाच कोंबडा कापला गेला होता, आणि दोन्ही वेळा काय झालं ते म्हातारी माणसं अजून हळू आवाजात सांगायची.

वेन-शोंग मात्र तैपेईला कॉलेज शिकून आलेला. तो हसला.

"एक कशाला, दहा कापीन!"

२

दुपारी हवालदार चुआंग आला. टोपी काढली, स्टूल ओढलं.

"काकू, एक सही करून टाका ना. चुकून झालं म्हणा. माणूस तर जगलाय. वेन-शोंगला काय, लोकांसमोर मोठेपणा हवाय, तो देऊन टाका."

"तू सहा वर्षांचा असताना तुझ्या पोटातले जंत कुणी पाडले रे?"

"तुम्ही. त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. तुला गप्प करायचं होतं. आता मी सांगते ते ऐक."

तिनं तीन-चार खण ओढून त्याच्यापुढे ठेवले.

"कोठा साफ करायच्या औषधांत जाती असतात. हे भांगेचं बी, ही जर्दाळूच्या आतली बी. तेलकट. आतडं बुळबुळीत करतात, बाकी त्रास देत नाहीत. म्हाताऱ्यांना हेच बरं. काही बिया पाण्यात फुगतात, पण वर पाणी प्यायचं विसरलास तर आतच बूच बसतं. तुमच्या दवाखान्यातली मॅग्नेशियाची पांढरी गोळी आतड्यात पाणी ओढून आणते. मूत्रपिंड थकलेलं असलं तर तीच अंगात साठते आणि माणूस पेंगायला लागतो. आणि ही शेवटची जात. रेवंदचिनी, सोनामुखी. ह्या आतड्याला चाबूक मारतात. अडल्यावेळी एखादा मारावा. रोज मारला तर घोडा पुढे चाबकाशिवाय हलत नाही."

"आणि कुओ आजोबांना चाबूक दिलात."

"भांगेचं बी, जर्दाळू, पांढरी मुळी, आणि सोबत वाफवलेल्या काळ्या रेवंदचिनीच्या फक्त दोन चकत्या. त्या वेगळ्या छोट्या पुडीत, मोठ्या पुडक्याच्या वर बांधून. तीन दिवसांची तीन पुडकी. त्यांना हृदयाची गोळी चालू आहे, लघवीची गोळी चालू आहे, हे मी आधी विचारलं होतं. म्हणून तर बजावलं, पहिल्यांदा कोठा हलला की औषध बंद."

"छोटी पुडी वेगळी कशाला?"

"ती शेवटच्या पाच मिनिटांत टाकायची असते. रेवंदचिनीचा जोर उकळीनं मरतो. तासभर उकळलीस तर जोर जातो आणि नुसता तुरटपणा उरतो. मग ती पोट सोडत नाही, उलट बांधून ठेवते."

चुआंगनं डोकं खाजवलं. "डॉक्टर म्हणतात, जुलाब इतके झाले की रक्तातलं पोटॅशियम वाहून गेलं. ते कमी झालं की हृदयाची गोळीच विषासारखी चढते."

"डॉक्टर बरोबर म्हणतात. जुलाब झालेच. माझं म्हणणं एवढंच, की ते माझ्या पुडीनं झाले नाहीत."

"म्हणायला काय काकू, पुरावा लागतो."

तिनं पिशवीतला चिमूटभर चोथा त्याच्या तळहातावर ठेवला. "चोळ."

त्यानं चोळला. काहीतरी करकरलं.

"कच आहे."

"शिंपल्याची. आता मला सांग चुआंग, भांड्यातून काढलेल्या चोथ्यात शिंपल्याची कच कुठून आली?"

३

त्या गावात रस्त्यावरचे खड्डे शिंपल्याच्या चुऱ्यानं बुजवतात. आणि औषधाचा चोथा कुणी केरात टाकत नाही, चौकात नेऊन ओततात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली तुडवला गेला की दुखणं घरी परत येत नाही, असं आजेसासवांपासून चालत आलेलं.

तेव्हा भर दुपारी दोन वाजता युए काकू चौकात उकिडवी बसली, चाळणी आणि चिमटा घेऊन. समोर सुपारीच्या टपरीवरची बाई खिदळली.

"काय शोधताय काकू? अब्रू?"

"माझी माझ्याजवळ आहे. तुझी सांडली असेल तर बघते हं!"

काकूला गटाराच्या कठड्याशी हवं ते सापडलं. अर्धवट तुडवलेले चोथ्याचे तीन गोळे, एक जुना, एक त्याहून ताजा, एक कालपरवाचा. मधोमध कुणीतरी ओंजळीनं खरवडून नेल्याची खूण. तिनं तिन्हींतून थोडं थोडं उचललं. पांढऱ्या मुळीच्या चकत्या शिजून तपकिरी झालेल्या. रेवंदचिनी बोटात धरली तर तिचा लगदा झाला, नुसत्या शिरा उरल्या. पाच मिनिटांत लगदा होत नाही.

"काकू..."

थोरली सून सू-वान. बांबूची टोपी डोळ्यांवर ओढून ती मागे उभी होती. नवरा सहा महिने खोल समुद्रातल्या बोटीवर, आणि घरातलं सगळं राबणं हिच्या वाट्याला.

"तूच ओतलास ना हा?"

"हो. तिन्ही दिवस. चोथा रात्रभर घरात ठेवतं का कुणी? भांडं घासून पालथं घातलं होतं. दीर भांड्यातून काढला म्हणतात, ते कसं, मला तर कळेचना."

"छोटी पुडी कधी टाकायचीस?"

सू-वान खाली बघायला लागली.

"सांग पोरी. मी ओरडणार नाही."

"सुरुवातीलाच, काकू. जाऊबाईंनी विजेचं भांडं आणलंय. सगळं एकदम घालायचं, बटण दाबायचं, तासाभरानं आपोआप बंद होतं. मध्ये झाकण उघडलं तर वाफ जाते म्हणतात. मी पुडीचं विचारलं तर म्हणाल्या, त्या म्हातारीचे चोचले आहेत. मग मीही टाकली. माझ्यामुळे झालं का हो सगळं?"

युए काकूनं डोळे मिटले. शेकडो वर्षं मातीच्या भांड्यापुढे बसून बायका पंखा घालत आल्या, पाच मिनिटं राहिली की झाकण उचलत आल्या. आणि आता बटण आलं. तिला राग आला आणि त्याच क्षणी इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ हसली.

"तुझ्या चुकीनं औषध मेलं. माणूस दुसऱ्याच कशानं पडला. तीन दिवस कोठा हलला का त्यांचा?"

"नाव नाही! पोट ढोलासारखं फुगलेलं. बाबा नुसते चिडचिड करत होते. धूपपात्र उचलणाऱ्यानं आतून बाहेरून स्वच्छ असायला हवं ना, तीन दिवस मांसमच्छी सोडलेली, आणि पोटात हे. मग बुधवारी संध्याकाळी सुरू झालं ते दीड दिवस थांबलं नाही."

"बुधवारी काय खाल्लं?"

"भाताची पेज. खारवलेला मुळा. आणि चहा. चहा तर ते दिवसभर पितात, स्वतःच्या हातानं करून. त्या किटलीला आम्ही कुणी हात लावायचा नाही."

"आणि उरलेला पाला?"

"अंगणातल्या जुईच्या कुंडीत टाकतात. खत म्हणून."

युए काकू उठली. गुडघे कटकन वाजले.

"चल, जुई बघू तुमची."

४

कुंडीत वरवर ऊलाँग चहाची उलगडलेली जाड पानं होती. काकूनं बोटानं ती बाजूला सारली. खाली दुसरा पाला, ओंजळभर. पातळ, टोकदार, पिवळट हिरवा. तिनं एक पान तळहातावर सपाट केलं. देठापाशी पानाची एक बाजू वर सुरू होत होती, दुसरी जरा खाली. चहाचं पान असं लंगडं नसतं.

"सोनामुखी," ती पुटपुटली. "आणि केवढी ही!"

"कुणाला विचारून घरात शिरलात?"

दारात धाकटी सून, वेन-शोंगची बायको पी-लिंग उभी होती. कुरळे केलेले केस, लाल नखं. गावातलं एकुलतं एक ब्यूटी पार्लर तिचं, आणि गुलाबी डब्यातून 'नाजूक कंबर' नावाचा चहा विकणारीही तीच. अर्धं गाव तो चहा प्यायचं. बायकांचं अर्धं.

"मी घेऊन आले जाऊबाई," सू-वान म्हणाली. आवाज बारीक, पण तिनं म्हटलं खरं.

"तुला मी मागाहून बघते. आणि तुम्ही काकू, मातीत काय चिवडताय?"

"तुझा चहा चिवडते. पी-लिंग, तुझ्या गुलाबी डब्यात सोनामुखी किती आणि गुलाबाच्या पाकळ्या किती?"

"तो खानदानी नुस्खा आहे. बायका बारीक होतात, एवढं तुम्हाला बघवत नाही."

"बारीक होत नाहीत ग, वाळतात! चरबी जागच्या जागी राहते, पाणी तेवढं जातं. शाळेतल्या हो बाई वर्गात चक्कर येऊन पडल्या. शिंपिणीच्या पोटऱ्यांत रोज पेटके येतात. दोघींनाही आता तुझ्या चहाशिवाय कोठा होत नाही. मी त्यांना तो सोडायला लावला, तेव्हापासून माझ्यावर दात आहे तुमचा. खरं की नाही?"

पी-लिंगच्या गळ्याशी लाली चढली, पण ती हटली नाही.

"बरं, मग? कुओ घराण्याचा कर्ता पुरुष, ह्या वर्षीचा मानकरी, बायकांचा बारीक व्हायचा चहा प्याला? जा, सांगा चौकात. बघू कोण विश्वास ठेवतं! कुंडीतली पानं काय, मीसुद्धा टाकली असतील. मी रोज पिते."

आणि तिनं दार लावून घेतलं.

रस्त्यावर आल्यावर सू-वान रडवेली झाली. "आता कसं हो काकू? ती म्हणते तेही खरंच."

खरंच होतं. तुडवलेल्या चोथ्यानं एवढंच सिद्ध होत होतं की औषध जुलाब करूच शकत नव्हतं. पण म्हाताऱ्याच्या पोटात काय गेलं, ते जगात एकच माणूस सांगू शकत होता. आणि तो सकाळी शुद्धीवर आला होता, पोलिसांनी त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, दुकानातलं औषध घेतलं, दुसरं काही नाही.

५

दुसऱ्या दिवशी युए काकू पहिल्या बसनं चांगह्वाला गेली. कुओ म्हातारा उशांना टेकून बसला होता. चेहरा उतरलेला, पण ठोके आता वेळेवर पडत होते. तिला बघितल्याबरोबर त्यानं मान भिंतीकडे फिरवली.

"कुओ दादा, तिकडे भिंतच आहे. इकडे बघा."

"मला बरं नाही. नर्सला बोलावू का?"

"बोलवा. तिच्यासमोर बोलते. ओंजळभर सोनामुखी छोट्या किटलीत घातलीत. तिला लागते चिमूट! आणि मग ऊलाँग पितात तसं, पाला तोच ठेवून पुन्हा पुन्हा गरम पाणी घालून प्यालात. किती वेळा? सहा? सात?"

म्हाताऱ्याची चादरीवरची बोटं मिटली.

"चवीला कडू लागलं असेल. तुम्हाला वाटलं, कडू म्हणजे गुणकारी."

"युए-श्या," तो भिंतीशीच बोलला, "चाळीस वर्षं ह्या गावात मी मान खाली घातली नाही. नगरदेवानं कौल देऊन मला मानकरी निवडलं. आणि लोकांनी काय म्हणायचं? म्हातारा सुनेचा कंबर बारीक करायचा चहा प्याला आणि हगून पडला? पोरं माझ्यामागे गाणी म्हणतील."

"आणि माझ्यामागे? माझं दुकान गेलं तरी चालेल?"

"मी वेन-शोंगला सांगतो, जरा सांभाळून घे म्हणून. तुला काही कमी पडू देणार नाही."

हे मात्र तिच्या डोक्यात गेलं. ती उभी राहिली. शेजारच्या दोन खाटांवरचे रोगी उठून बसले.

"मला कुणी सांभाळून घ्यायला नको आहे! तीस वर्षं ह्या गावाचे कोठे मी साफ ठेवले. कुणाला गॅस, कुणाला मूळव्याध, कुणाच्या पोटात किती दिवस काय साठलं, सगळं मला ठाऊक. एकाचं नाव दुसऱ्याला सांगितलं नाही. तुमचीही लाज मी झाकली असती, कुओ दादा, गुपचूप येऊन एक शब्द बोलला असतात तर. पण तुम्ही तुमची लाज माझ्या अंगावर पांघरलीत. ती मी घेणार नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. युए काकूनं पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि सहज आठवल्यासारखी वळली.

"आणखी एक. उद्या बाराला पटांगणात कोंबडा कापायचाय, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी शपथ घेणार, चोथा खोटा. वेन-शोंग शपथ घेणार, चोथा खरा. सुरी त्याच्याच हातात असेल. तो म्हणतो, दहा कापीन. शिकलेला आहे, त्याचा विश्वास नाही."

म्हाताऱ्यानं झटकन मान वळवली. तोंड पांढरं फटक पडलं होतं.

"तुमचा आहे ना?" ती म्हणाली आणि निघून गेली.

६

नगरदेवाचं पटांगण माणसांनी फुललं होतं. पालख्या सजलेल्या, ढोल गळ्यात अडकवलेले, फटाक्यांच्या माळा बांबूंना लटकलेल्या. पायरीखाली लाकडी ठोकळा. युए काकू पांढरा कोंबडा काखेत धरून आली, तशी गर्दी आपोआप दुभंगली.

वेन-शोंगनं बाह्या वर केल्या. "बाराला दहा कमी आहेत. अजूनही गुडघे टेका."

"आधी दहा मिनिटं बोलू दे. चुआंग, ते टेबल पुढे घे."

टेबलावर तिनं दोन कागद पसरले. एकावर वेन-शोंगचा चोथा, दुसऱ्यावर चौकातला. बाजूला ती खाचेची सुरी.

"लोकहो, हा चोथा ह्याच्या म्हणण्यानं भांड्यातला. पण ह्यात शिंपल्याची कच आहे. भांडं घासून पालथं होतं, चोथा चौकात गेला होता. ह्यानं तो चौकातून खरवडून आणला. का? कारण त्यात काहीतरी मिसळायचं होतं. ह्या पिवळ्या चकत्या! हवालदार, मोडून दाखव."

चुआंगनं एक चकती मोडली. आत कोरडी, खडखडीत.

"रेवंदचिनी कापडसुद्धा रंगवते. ही जर भांड्यात शिजली असती, तर आतपर्यंत भिजली असती आणि सगळा चोथा पिवळा झाला असता. आणि आता ही पांढरी मुळी बघा. प्रत्येक चकतीवर एक रेघ आहे. ती माझ्या सुरीच्या खाचेची. माझ्या दुकानातून जाणारी प्रत्येक चकती ह्या सुरीखालून जाते. पिवळ्यांवर रेघ कुठे आहे? दाखव वेन-शोंग! यंत्रानं कापलेला माल आहे हा, माझ्या खणातला नाहीच."

लोक पुढे रेटायला लागले. सुपारीवाली सगळ्यांत पुढे होती. तिनं चकत्या स्वतः निरखल्या. "रेघ नाही हो खरंच!" ती ओरडली.

"आणि माझं औषध तासभर उकळल्यामुळे मेलं होतं. त्यानं म्हाताऱ्याचं पोट उलट बांधलं गेलं. म्हणून त्यांनी घाईघाईनं दुसरं काहीतरी घेतलं. काय घेतलं ते मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण ज्यानं चोथ्यात भेसळ केली त्याला ते माहीत होतं. झाकायलाच तर केली त्यानं."

वेन-शोंगच्या कपाळावर घाम होता. पी-लिंग पालखीमागे सरकली. पण चारशे माणसांसमोर मागे कसं फिरायचं? त्यानं कोंबडा हिसकावून घेतला, ठोकळ्यावर दाबला आणि सुरी उचलली.

"बडबड पुरे! मी नगरदेवापुढे शपथ घेतो, की तो चोथा..."

"थांब! वेन-शोंग, थांब रे पोरा!"

तीनचाकी सायकलीतून कुओ म्हातारा उतरत होता. एका बाजूनं सू-वानचा आधार, हातावर सलाईनची पट्टी तशीच. इस्पितळातून सही करून तोच निघाला होता. तो धडपडत आला आणि मुलाच्या मनगटाला लोंबकळला.

"कापू नकोस. बोलू नकोस पुढे. खोटं आहे ते. मी सुनेचा चहा प्यालो."

ढोलवाल्यांनी काठ्या खाली घेतल्या.

"मीच मागितला तिच्याकडे. माझं पोट अडलं होतं, आणि मला देवापुढे स्वच्छ यायचं होतं. ओंजळभर घातला, सात वेळा पाणी घातलं. युए-श्याच्या औषधानं काही झालं नाही. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो, आणि माझ्यासाठी माझा मुलगा..." त्याला पुढे बोलवेना. तो रडायला लागला, सगळ्यांसमोर, मान खाली न घालता.

कुणीतरी मागून हसलं. शाळेतल्या हो बाई वळून त्याच्यावर कडाडल्या, "हसायला काय झालं? मी चार महिने प्यायले तो चहा. वर्गात पडले मी!" मग शिंपीण बोलली. मग आणखी एक. पालखीमागे पी-लिंगला आता जागाच उरली नव्हती.

वेन-शोंगच्या हातातली सुरी खाली आली. कोंबडा सुटला आणि पंख फडफडवत युए काकूच्या खांद्यावर जाऊन बसला.

देवस्थानाचे पंच लगबगीनं पुढे आले. "काकू, झालं ते झालं. मुहूर्त टळतोय. देवाला एक नमस्कार करा आणि मिटवून टाका."

"मिटवीन. माझ्या पद्धतीनं."

तिनं वेन-शोंगचा चोथा कागदासकट उचलला, देवळाच्या मुख्य दारापुढे गेली, जिथून मिरवणूक निघते तिथे, आणि रस्त्याच्या मधोमध ओतला. पिवळ्या चकत्या वर राहिल्या. मग ती बाजूला झाली, हाताची घडी घालून.

"आता काढा मिरवणूक. हे दुखणं माझ्या घरी परत यायला नको."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. वळसा घालायला जागा होती, पण घालावा असं कुणी म्हणालं नाही. म्हाताऱ्यात धूपपात्र उचलायचं बळ नव्हतं. त्यानं ते दोन्ही हातांनी मुलाकडे दिलं. मानकऱ्यानं सगळ्यांच्या पुढे चालायचं असतं. ढोल वाजले, फटाके फुटले, आणि चोथ्यावर पहिला पाय वेन-शोंगचा पडला. त्याच्यामागे पालख्या गेल्या, ढोलवाले गेले, हो बाई, शिंपीण, सुपारीवाली, अख्खं गाव गेलं. मिरवणूक संपली तेव्हा रस्त्यावर नुसता पिवळा डाग राहिला होता.

युए काकू कोंबड्याला घेऊन दुकानात आली. पाटीवरची धूळ बाहीनं पुसली आणि राहिलेल्या मुळ्या कापायला बसली.